आई ‘बरी’ म्हणाली होती

अप्पा, तुमचं पुस्तक निघतंय. कोडगूच्या डोंगरातल्या मठात राहणारे ते ख्रिस्ती साधू आणि तुम्ही, दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांना लिहिलेली पत्रं आता एकत्र छापणार आहेत. तुमची पत्रं मठाने जपून ठेवली होती, त्यांची तुम्हाला आलेली कॉलेजच्या कपाटात निघाली, आणि पुण्याच्या एका तरुण, हुशार मुलीने ती जुळवून, इंग्रजीतून मराठीत आणून, खाली टिपा देऊन त्यांचं पुस्तक केलंय. ती दर दोन-चार दिवसांनी मला फोन करते. तिला माझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. तुमची एकुलती एक वारस म्हणून छापायला लेखी परवानगी, आणि मुलगी म्हणून चार पानांची प्रस्तावना. म्हणजे तुम्ही थोर होतात की नाही, हे आता मी सांगायचं. आपल्या मागे आपलं नाव कोणाच्या हातात पडेल हे कोणालाच ठरवता येत नाही, आणि तुमचं पडलंय माझ्या. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तिचा पहिला फोन ठेवला आणि मी स्वतःपुरती फिल्टर कॉफी केली, डॉक्टरांनी नको म्हटलेली साखर घालून.

शेकर म्हणजे कोण, हे आपल्या गल्लीइतकं अख्ख्या म्हैसुरात कोणाला माहीत नसेल. तिकडे अमेरिकेत हा एक ख्रिस्ती पंथ होता. बायका आणि पुरुष एकाच घरात राहायचे, पण लग्न नाही, मूलबाळ नाही. सगळे एकमेकांचे भाऊ आणि बहिणी. उपासनेत अंग थरथरवून नाचत, म्हणून लोकांनी त्यांना हे नाव दिलं. एरवी काम. खुर्च्या, लाकडी डबे, झाडू, कपाटं, सगळं साधं, नक्षी म्हणून नाही, आणि भिंतीकडे जाणारी मागची बाजूसुद्धा पुढच्याइतकीच घासून गुळगुळीत, कारण ते काम देवासाठी. भिंतीवर ओळीने खुंट्या, केर काढताना खुर्च्या उलट्या करून त्यांवर टांगायच्या. घराला दोन दारं, एक भावांचं आणि एक बहिणींचं. तुम्ही कॉलेजात धर्मांचा इतिहास शिकवत होतात. साताऱ्याहून नोकरीसाठी इथे आलात, आपल्याच समाजातल्या पण पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या एका शिंपी घरातल्या मुलीशी तुमचं लग्न झालं, मी झाले, आणि मग कुठल्याशा मासिकात त्या साधूंचा लेख वाचून तुम्ही त्यांना पत्र घातलंत. ते मूळचे युरोपातले. तरुणपणी अमेरिकेत एका शेकर वस्तीत उरलेल्या मोजक्या म्हाताऱ्या बहिणींना भेटून आले होते आणि आता मठाचं सुतारकाम बघत होते. त्यांचं उत्तर आलं, तुम्ही परत लिहिलंत, आणि त्यानंतर आपल्या घरात दुसरा विषय उरला नाही.

सुरुवातीला ते छान होतं. हेही लिहिते, नाहीतर म्हणाल पोरीने एकच बाजू मांडली. रविवारी तुम्ही मंडी मोहल्ल्यात एका सुताराकडे काम शिकायला जायचात आणि मला बरोबर न्यायचात. अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही धोतर वर खोचून रंधा मारताय, लाकडाची पातळ साल वळत वळत माझ्या पायाशी पडतेय, मी ती कानात डूल म्हणून अडकवतेय, आणि तुमचा चेहरा घरी कधी नसतो इतका निवांत आहे. तिथे तुम्ही एक खुर्ची केलीत. साताठ रविवार लागले असतील. तिची बैठक आईने विणली, माहेरच्या दुकानातून नवारीच्या पट्ट्या आणून, लाल आणि पांढरी, बुद्धिबळाच्या पटासारखी. विणताना ती गुणगुणत होती. संध्याकाळी तुम्ही आलात, चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, “उसव. लाल कशाला? रंग म्हणजे लोकांची लाडीगोडी.” तिने उसवली आणि पांढरीच विणून दिली. आता पुस्तकाची मुद्रितं माझ्यासमोर आहेत, त्यांत खऱ्या शेकर खुर्च्यांचे फोटो आहेत. बैठका लाल-पांढऱ्या, निळ्या-पिवळ्या, एक तर चक्क हिरवीगार. त्यांना रंगाचं वावडं नव्हतं, अप्पा, तुम्हाला होतं. मी त्या पानाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मामेभावाने हसून लोळणारी तोंडं पाठवली.

आईचं बोलणंही तुम्ही असंच उसवत बसायचात. तिच्या मराठीत दर तिसरा शब्द कन्नड, तिच्या आईचं तसंच, आजीचंही तसंच. पाटावर बसलेल्या तुम्हाला ती म्हणायची, “अय्यो, आज सारू नाही केलं. बरी भात आहे, स्वल्प लोणचं घ्या.” की तुम्ही घास खाली ठेवणार. “बरी भात नव्हे. नुसता भात. बरी म्हणजे चांगली. भात चांगली आहे का?” आणि आपल्याच विनोदावर हसणार. कन्नडात बरी म्हणजे नुसतं, रिकामं, ज्यात दुसरं काही नाही असं. आम्ही घरात सर्रास तसंच म्हणायचो, मी अजून म्हणते. हातात बांगड्या नसल्या की बरी हात, गळ्यात काही नसलं की बरी गळा. तुम्हाला कन्नड शेवटपर्यंत आलं नाही, भाजीवाल्याशीही तुम्ही खुणांनी बोलायचात. पण हा एक शब्द तुम्हाला पक्का ठाऊक होता, कारण आईच्या तोंडून तो तुम्ही शेकडो वेळा काढून टाकला होता. हे मी मुद्दाम आधी लिहून ठेवतेय.

आता तो दिवस. थंडी आहे, बाजार अवरेकाळूंनी, पावट्याच्या ओल्या दाण्यांनी, भरलाय. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून भिजवलेले दाणे चिमटीत दाबून सालातून उडवतेय. एखादा दाणा चुलीपर्यंत जातो आणि आई रागावल्यासारखं करते. ती रगड्यावर दोशाचं पीठ वाटतेय, कोपरापर्यंत हात पांढरे. तुम्ही दारात येऊन उभे राहता. आत येत नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलता, वर्गात बोलता तसं. मला तेव्हा त्यातलं फार थोडं कळलं. इच्छेच्या पलीकडे गेल्याशिवाय हातून शुद्ध काम होत नाही, असं काहीतरी. यापुढे आपण दोघांनी भाऊ-बहिणीसारखं राहावं, हे घर म्हणजे एक लहानशी वस्ती व्हावी, हिंदुस्थानात हे कोणी केलेलं नाही. बराच वेळ बोललात. मग विचारलंत, “कशी वाटते कल्पना?”

आईचा हात थांबला नाही. “बरी,” ती म्हणाली.

तुम्ही मान हलवलीत, समाधानाने, आणि गेलात. तुमच्या चपलांचा आवाज अंगणात गेल्यावर ती रगड्याकडे बघत, अर्धं मला आणि अर्धं स्वतःला, म्हणाली, “बरी मातु. बरी बोलणं कणे, दुसरं काय की.” नुसत्या बाता गं, असं म्हणत होती ती. मी हसले, कारण तुमच्यावर अशी मागून टिप्पणी करायची आमची रीतच होती. भातावरून रोज दुरुस्ती करणारे तुम्ही, त्या दिवशी मात्र दुरुस्ती केली नाहीत. त्या दिवशी बरी म्हणजे चांगली, हा अर्थ तुम्हाला सोयीचा होता.

तिला वाटलं तुमचं हे खूळ मागच्या खुळांसारखं विरून जाईल. खुंट्यांचं झालं होतं तसं. दिवाणखान्यात चारी भिंतींना खुंट्या ठोकून खुर्च्या उलट्या टांगल्यावर लोक बघायला येऊन गेले, मग तुम्हालाच त्या काढायचा कंटाळा आला आणि आपण खालीच बसायला लागलो. पण या वेळी तुम्ही अंथरूण वेगळं केलंत. आईची वळकटी माझ्या खोलीत आली. आणि एके दिवशी शाळेतून येते तर मंडी मोहल्ल्यातला तो सुतार समोरच्या खिडकीचे गज काढतोय आणि खाली भिंतीवर खडूने दाराची चौकट आखलेली. आई पदर खोचून त्याच्यापुढे उभी.

“हे कशाला?” ती तुम्हाला विचारतेय.

“तुझ्यासाठी. बहिणींचं दार.”

“मी कधी म्हटलं हे?”

“तूच म्हणालीस, बरी.”

“अहो, ते आमच्यातलं बरी. बरी भात म्हणते तसलं. ठाऊक आहे की तुम्हाला!”

सुतार मराठी बोलायचा नाही, पण बरी आणि भात एवढं त्यालाही कळलं असणार. त्याने छिन्नी खाली केली आणि पायांकडे बघत राहिला. मला वाटलं आता संपलं, आता तुम्ही म्हणाल, अगं असं होय, आणि खिडकी परत बसेल. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. मग हसलात. एखाद्या विद्यार्थ्याने नकळत मोठा मुद्दा मांडला की तुम्ही जसे हसायचात तसे. “बघ, तुझ्या तोंडून काय निघून गेलंय! कन्नडात रिकामं आणि मराठीत चांगलं. जे रिकामं तेच चांगलं. शेकर दुसरं काय सांगतात?” आणि सुताराकडे वळून तुमच्या मोडक्या कन्नडात, “माडी, माडी.” करा, करा. त्याने आईकडे पाहिलं. आई आत निघून गेली. त्याने भिंत फोडायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात तुम्ही साधूंना पत्र लिहिलंत. ते मी आता प्रथमच वाचलं. पत्नीने एका शब्दात होकार दिला, आणि तो शब्द असा की आमच्या घरच्या दोन्ही भाषा त्यात एक होतात, असं लिहून तुम्ही पुढे दीड पान त्या शब्दावर भाष्य केलंय. सुंदर लिहिलंय. गज, खडू, सुतार, आईचं वाक्य, त्यातलं काही नाही. आई तेव्हा तिशीची होती, आज माझी धाकटी सून आहे त्याहून लहान. तिला आणखी एक मूल हवं होतं. हे तिने मला फार पुढे सांगितलं, माझ्या दुसऱ्या बाळंतपणात, बाळाच्या पाठीला तेल चोळता चोळता, जसं काही बाजारभाव सांगतेय. मी विचारलं, मग भांडली का नाहीस? म्हणाली, “भांडले असते कणे. पण मी नको म्हटलं की ते त्यातूनही काहीतरी अर्थ काढणार. मग मी बोलणंच सोडलं.” तुमच्यावर मी कशासाठी डूख धरून आहे, हे तुम्हाला विचारायचं असेल तर त्याचं उत्तर एवढंच आहे, अप्पा. तिचा नकार तुम्ही ऐकलात, समजलात, आणि त्याचं सुभाषित केलंत.

बोलणं सोडलं म्हणजे ती हात जोडून बसली असं समजू नका. नियमाप्रमाणे बहिणींच्या बाजूला भावांनी यायचं नाही, हो ना? मग तिने बहिणींच्या दारात माहेरचं शिवणयंत्र आणून मांडलं. दार रस्त्याला लागून, उजेड भरपूर. महिन्याभरात बायकांची रीघ लागली. लग्नसराईत तर बन्नूरच्या बसने यायच्या, बसल्या बसल्या मोगऱ्याचे गजरे गुंफायच्या, मोठमोठ्याने हसायच्या. आणि तुम्ही घासून, तेल पाजून ठोकलेल्या त्या खुंट्यांवर ओळीने ब्लाउज. चटणी कलर, राणी कलर, जरीचे काठ, टिकल्या, एका खुंटीवर तर परकरांचा डोंगर. तुमच्या दाराशी गार शांतता आणि पलीकडे ही जत्रा. समोरचे म्हातारे वकील येता-जाता विचारायचे, “एनु मेष्ट्रे, एरडु बागिलु?” काय मास्तर, दोन दारं? तुम्हाला वाटायचं ते कौतुकाने विचारतायत. तुम्ही नमस्कार करायचात. आत आई तोंडात टाचण्या धरून हसू दाबायची आणि तिच्याबरोबर सगळ्या बायका.

मग ते आले. तुमच्या कितीतरी आग्रहाच्या पत्रांनंतर साधू एकदाचे भेटायला आले, दुपारची वेळ, मळखाऊ झगा, पायात साध्या चपला, हातात मठाच्या मधाची बाटली. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. आईच्या यंत्राशी बसून हुक लावत होते. तुमचं दार बंद होतं, आईचं उघडं, म्हणून ते इकडे आले आणि खणखणीत कन्नडात विचारलं, “मेष्ट्र मने इदेना?” मास्तरांचं घर हेच का? बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. गोरा साधू आणि इतकं चोख कन्नड! पत्रं तुम्ही इंग्रजीत लिहायचात, त्यामुळे हा माणूस आमची भाषा जाणतो हे तुम्हालाही माहीत नसावं.

आई यंत्रावरून मान वर न करता म्हणाली, “अर्ध मने इदु. इन्नर्ध पक्कद बागिलु.” अर्धं घर हे, उरलेलं अर्धं शेजारच्या दारात.

ते हसले. मग ती हसत नाही हे पाहून थांबले. तिने स्टूल पुढे केलं, ते बसले, खुंट्यांवरच्या ब्लाउजांकडे नीट बघून घेतलं आणि पुन्हा हसले, या वेळी वेगळं. थोडा वेळ कापडाबद्दल, पावसाबद्दल बोलणं झालं. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “अम्मा, तो शब्द तुम्ही कोणत्या भाषेत म्हणालात?” कन्नडातच विचारलं. कोणता शब्द, हे आईने विचारलं नाही. तिने दाताने दोरा तोडला.

“अन्नक्के हेळो भाषेलि,” ती म्हणाली. भाताला म्हणते त्या भाषेत.

त्यांचा चेहरा मला दिसला, अप्पा. इतकी वर्षं झाली, पण मोठ्या माणसाला इतकं शरमलेलं मी परत पाहिलं नाही. जणू ती भिंत त्यांनीच फोडली होती. तेवढ्यात तुम्ही पलीकडच्या दारातून बाहेर आलात, दोन्ही हात पसरून, आणि त्यांना घेऊन गेलात. तुमच्या बाजूला तासभर पुस्तकं, खुर्ची, डबे दाखवलेत. मी उप्पिट्टू आणि कॉफी घेऊन आले तेव्हा ते तुमच्या खुर्चीवर हात फिरवत होते. काम चांगलं आहे म्हणाले, आणि ते होतं. मग इंग्रजीत, माझ्यासमोरच, म्हणाले की मठात नवा माणूस आला तर त्याला वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा विचारतात, तुला हे खरंच हवंय का. नको म्हणाला तर दार उघडतात आणि वाटेसाठी शिदोरी बांधून देतात. शेकरांनी सांभाळलेल्या अनाथ मुलांतही वयात आल्यावर ज्याने त्याने आपलं आपण ठरवायचं असे. “तुम्ही अम्मांना पुन्हा एकदा विचारा,” ते म्हणाले. “मी ही कॉफी घेऊन अंगणात थांबतो.” आणि खरोखर पेला घेऊन उठले.

तुम्ही म्हणालात, “त्याची गरज नाही, ब्रदर.”

ते उभेच होते. तुम्ही हसून खुर्ची दाखवलीत. ते बसले नाहीत. उरलेली कॉफी उभ्यानेच प्यायले, पेला स्वतः विसळून ठेवला, आणि जाताना आईच्या दाराशी येऊन तिला वाकून नमस्कार केला. तीही यंत्रावरून उठली. मधाची बाटली त्यांनी तिच्या बाजूला ठेवली होती, ती तुम्ही कधी चाखली नाहीत. त्यानंतर त्यांची पत्रं दोन-दोन ओळींची झाली आणि मग थांबली. तुम्ही लिहीत राहिलात. पुस्तकात त्या पानाखाली टीप आहे की पत्रव्यवहार मंदावण्याचं कारण कळत नाही, बहुधा साधूंची प्रकृती. ती वाचून मी एकटीच मोठ्याने हसले.

तुम्ही गेल्यावर आईने पहिलं काय केलं, सांगू? एवढं तुम्हाला कळायलाच हवं. दिवस-बिवस झाले, पाहुणे परतले, आणि ती मला घेऊन पलंग घ्यायला गेली. शिसवाचा, डबल, आपल्या म्हैसूरच्या जडावकामाचा. उशाला हत्तींची मिरवणूक, पायाशी मोर, कडेने वेलबुट्टी, बोटभर जागा रिकामी नाही. दुकानदार म्हणाला, मुलीच्या लग्नासाठी का? ती म्हणाली, नाही, माझ्यासाठी. तो पलंग तुमच्या खोलीत मांडला आणि ती त्यावर बरोबर मधोमध झोपायची, जाईपर्यंत. मी हे हसत हसत खूप जणांना सांगितलंय. एकदा मात्र दुपारी आत गेले तर ती जागी होती आणि एका कडेला सरकून, दुसऱ्या कडेवर हात ठेवून पडली होती. मी तशीच मागे फिरले, आणि तो प्रसंग मी कोणाला सांगत नाही.

तर, परवानगी. आधी वाटलं, देऊच नये. कुजू देत ती पत्रं कपाटात. ही कल्पना मी चांगली जिभेवर घोळवली. त्या मुलीला टोलवत राहिले, आज ताप, उद्या पाहुणे. पण मग मुद्रितं वाचायला घेतली, आणि पत्रं चांगली आहेत, अप्पा. हाच तर वैताग आहे. हाताच्या कामाबद्दल, लाकडाच्या रेषेबद्दल, थकलेल्या माणसाच्या प्रार्थनेबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचताना मी दोनदा विसरले की हा माणूस कोण. मग ते पान आलं आणि आठवलं. त्याच दिवशी तिचा फोन. “मॅडम, पुस्तकाचं नाव ‘बरी’च ठेवूया ना? तुमच्या आईंचा तो एका शब्दाचा होकार म्हणजे सगळ्याचा गाभा आहे.” मी विचारलं, तुम्हाला कन्नड येतं? “नाही हो, शिकायचंय अजून.” बोलत होती गोड. तिचा काय दोष, तिने तुमच्यावर विश्वास ठेवला. पण तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं की मी अडवलं तरी माझ्यामागे कोणीतरी हे छापणारच, आणि आई कायमची होकार देणारी होऊन बसेल, वेष्टनावर, मोठ्या अक्षरांत, आणि ‘मी नाही म्हटलं’ हे सांगायला कोणीही उरलेलं नसेल.

म्हणून प्रस्तावना लिहिली. चार पानंच. तुम्हाला शिव्या नाहीत, विशेषण एकही नाही. भात लिहिला, अवरेकाळू लिहिले, सुतार, आईचं वाक्य आणि तुमचं हसणं लिहिलं, साधू पेला हातात घेऊन उभे राहिले ते लिहिलं. पलंग लिहिला नाही, तो तिचा आहे. शेवटी लिहिलं की माझ्या आईने या व्रताला कधीही संमती दिली नव्हती आणि माझ्या वडिलांना ते माहीत होतं. परवानगीत अट घातली की ही चार पानं पहिली येतील, त्यांतला शब्द न गाळता, नाहीतर पुस्तक नाही. तुमच्या दीड पानाच्या भाष्यापर्यंत जो कोणी पोचेल तो आधी माझ्या हातून जाईल. यापेक्षा मोठा सूड मला जमला नसता, आणि लहानावर माझं भागलं नसतं.

आणि आता हे पत्र मी ज्या थाटात सुरू केलं, की जणू सगळं अजून माझ्या मुठीत आहे, तेही खरं नाही. प्रस्तावना आणि सही केलेला कागद मी कालच, एका दिवसात पोचणाऱ्या कुरिअरने, पाठवून दिलाय. आज त्या मुलीचा फोन आला. प्रस्तावना वाचली म्हणाली. मग म्हणाली, नाव बदलते मी. मी म्हटलं, नाव राहू दे, अर्थ तेवढा बरोबर छापा. मग तिने चाचरत विचारलं, “सरांना हे चाललं असतं का हो?” मी म्हटलं, “त्यांना विचारलं नाही.” हे म्हणताना मला जी मजा आली ती लपवत नाही.

ते पाकीट गेलं, हे पत्र कुठे जाणार आहे. पण काल ते पाठवून घरी आल्यावर काय झालं तेवढं सांगते. चप्पलसुद्धा न काढता मी बाहेरच्या खोलीत बसून राहिले. साठी उलटलेली, नातवंडं असलेली बाई मी, आणि तुम्ही आतून येऊन ओरडाल, हे काय करून ठेवलंस म्हणाल, म्हणून कान देऊन बसले होते. उत्तरंसुद्धा तयार होती सगळी. बराच वेळ बसले. कोणी आलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटलं, अप्पा.